वारा मोजणारे आणि पडझड वाचणारे

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात पारादीपजवळ एक महाचक्रीवादळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या आसपास होता आणि एरसमा भागात समुद्र गावेच्या गावे ओलांडून आत शिरला. सरकारी मोजणीप्रमाणे जवळजवळ दहा हजार माणसे गेली. ३ मे २०१९ रोजी त्याच किनाऱ्यावर, पुरीजवळ, ‘फनी’ धडकले. तेही अतितीव्र गटातले वादळ होते. त्याच्याआधी सुमारे बारा लाख माणसांना सुरक्षित जागी हलवण्यात आले होते. ओडिशात ६४ माणसे दगावली.

या दोन आकड्यांमधले अंतर हे हवामानशास्त्राचे आणि ओडिशाच्या प्रशासनाचे यश आहे, आणि ते निर्विवाद आहे. पण फनी ओसरल्यावर निवाऱ्यांतून घरी परतलेल्या लोकांना काय दिसले? लाखो घरांची मोडतोड झाली होती. विजेचे खांब मैलोन्‌मैल आडवे झाले होते आणि पुरीच्या काही भागांत वीज यायला आठवडे लागले. माणूस वादळाच्या वाटेतून बाजूला काढता येतो, घर काढता येत नाही. ते जिथे आहे तिथेच वाऱ्याला तोंड देते, आणि कसे देते हे ते बांधताना ठरून गेलेले असते.

चक्रीवादळांच्या अभ्यासात दोन घराणी आहेत. एक वारा मोजणाऱ्यांचे : वादळ कुठे जन्मेल, कुठे जाईल, किती जोर धरेल हे सांगणारे. दुसरे पडझड वाचणाऱ्यांचे : काय पडले, कुठून तुटले, शेजारचे का टिकले हे तपासणारे. पहिल्या घराण्याचे म्हणणे आपण उशिरा का होईना ऐकायला लागलो. दुसऱ्याचे अजून पुरते ऐकलेले नाही. हे पुस्तक त्या दुसऱ्या घराण्याची बाजू मांडण्यासाठी लिहिले आहे. मात्र पहिल्याची ओळख करून घेतल्याशिवाय ती बाजू कळणार नाही.

आधी वादळ घडते कसे ते पाहू. समुद्राचे पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापलेले हवे, आणि तेही नुसते वरवर नव्हे, पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत. या पाण्याची वाफ वर चढते, तिचे ढग होतात, आणि वाफेत दडलेली उष्णता मोकळी होते. त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते, खाली दाब कमी होतो, भोवतालची हवा आत ओढली जाते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ही हवा सरळ आत न येता वळते. उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या उलट दिशेने गरगरू लागते. विषुववृत्तापासून पाचएक अंशांच्या आत हे वळण फार क्षीण असते, म्हणून तिथे चक्रीवादळे सहसा होत नाहीत. आणखी एक अट आहे. खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांत फार तफावत असेल तर वादळाचा उभा स्तंभ कलतो आणि मोडतो. मोसमी पावसाच्या ऐन महिन्यांत आपल्या समुद्रांवर नेमकी हीच तफावत असते. त्यामुळे आपल्याकडे वादळांचे हंगाम दोन : एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर.

पूर्ण वाढलेल्या वादळाच्या मध्यभागी ‘डोळा’ असतो. तिथे वारा पडलेला, कधी कधी आकाशही मोकळे. त्याला लागून असलेली ढगांची गोल भिंत हा सगळ्यांत विध्वंसक भाग. डोळा डोक्यावरून जाताना लोक वादळ संपले असे समजून बाहेर पडतात आणि थोड्याच वेळात उलट्या दिशेचा वारा त्यांना गाठतो. पहिल्या तडाख्यात खिळखिळे झालेले छप्पर बहुधा या दुसऱ्या तडाख्यात जाते.

हे सारे चक्राकार असते, हे कळायलाही एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या कनेटिकट भागातून एक वादळ गेले. विल्यम रेडफिल्ड नावाचा गृहस्थ तिथून प्रवास करत असताना त्याला एका ठिकाणची झाडे एका दिशेला आणि काही मैलांवरची नेमकी उलट दिशेला पडलेली दिसली. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की वारा स्वतःभोवती फिरत पुढे सरकत असला पाहिजे. १८३१ मध्ये त्याने हे छापले. जेम्स एस्पी हा त्याचा प्रतिवादी. त्याच्या मते हवा चारी बाजूंनी सरळ केंद्राकडे धावते आणि वर चढते, आणि या चढण्यामागे वाफेची उष्णता असते. दोघांचा वाद वर्षानुवर्षे चालला. आज मागे वळून पाहता दोघेही अर्धे बरोबर होते : फिरणे रेडफिल्डचे, उष्णता एस्पीची. पण इथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. या शास्त्राचा पहिला पुरावा दाबमापकातून आला नाही, तो पडलेल्या झाडांतून आला.

भारतात हे काम कोलकात्याच्या हेन्री पिडिंग्टनने पुढे नेले. जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून त्याने बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे मार्ग मांडले. १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला. त्याची दुसरी कामगिरी मला अधिक मोलाची वाटते. मातला नदीवर कॅनिंग हे नवे बंदर बांधायचे घाटत होते. १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरल डलहौसीला उघड पत्र लिहून बजावले की वादळाबरोबर येणारी समुद्राची लाट हे बंदर उद्ध्वस्त करील. कोणी लक्ष दिले नाही. बंदर झाले, आणि १८६७ च्या नोव्हेंबरातल्या वादळाने ते मोडीत काढले. ते पाहायला पिडिंग्टन हयात नव्हता. जागा चुकीची निवडली की पुढे कितीही अचूक अंदाज दिला तरी उपयोग मर्यादित राहतो, हे आपल्याकडे इतक्या लवकर लिहून ठेवले गेले होते.

त्याआधी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, खुद्द कोलकात्यावर वादळ आले आणि सुमारे ६०,००० माणसे गेली. पाठोपाठ नोव्हेंबरात मच्छलीपट्टणचा नंबर लागला. ही वादळे आणि १८६६ व १८७१ ची मोसमी पावसाची अवकृपा यांतून १८७५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभाग उभा राहिला. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. ते पुढे दिल्लीला गेले, तरी पुण्याचा या विषयाशी जडलेला संबंध आजही कायम आहे.

क्यूबात बेनितो विन्येस हा जेझुइट धर्मगुरू १८७० च्या दशकात ढगांच्या तंतूंवरून आणि समुद्राच्या लाटांवरून वादळाचा वेध घेत होता आणि वृत्तपत्रांतून इशारे देत होता. त्याच्या परंपरेतले लोक १९०० मध्येही हवानात होते. पण अमेरिकेच्या हवामान खात्याला त्यांचे इशारे नको होते. क्यूबातून तारेने येणारे अंदाज खात्याने रोखले होते. त्या सप्टेंबरात टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन बेटावर समुद्र चढला आणि किमान सहा ते आठ हजार माणसे बुडाली. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत प्राणघातक नैसर्गिक आपत्ती आहे. माहिती असणे आणि ती माणसापर्यंत पोहोचणे यांत केवढे अंतर असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

विसाव्या शतकात साधने बदलली. जुलै १९४३ मध्ये जोसेफ डकवर्थने साध्या प्रशिक्षण विमानातून वादळाच्या डोळ्यात शिरून दाखवले. १९६० पासून उपग्रहांची छायाचित्रे येऊ लागली, आणि सत्तरच्या दशकात व्हर्नन ड्वोरॅकने ढगांच्या आकारावरून वाऱ्याचा वेग ठरवण्याची पद्धत बसवली. समुद्रात वेगमापक नसताना वादळाचा जोर सांगायला जगभर आजही तीच वापरतात. सिद्धान्तांतही दोन पक्ष पडले. १९६४ मध्ये चार्नी आणि एलियासेन यांनी ढग आणि मोठे अभिसरण एकमेकांना पोसतात अशी मांडणी केली. १९८० च्या दशकात केरी इमॅन्युएलने भर दिला तो समुद्रपृष्ठावर : वारा जितका जोराचा तितके बाष्पीभवन अधिक, आणि समुद्र व वरच्या वातावरणातल्या तापमानाच्या फरकावरून वादळाची कमाल मर्यादा ठरते. समुद्र तापला की ही मर्यादा वर सरकते. हवामानबदल आणि वादळे यांच्या आजच्या चर्चेचे मूळ इथे आहे.

वादळाची वाट आता दोन-तीन दिवस आधी बऱ्याच भरवशाने सांगता येते. अडचण उरली आहे ती अचानक जोर धरण्याची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या आकापुल्कोवर आलेले ‘ओटिस’ साध्या वादळापासून सर्वोच्च श्रेणीपर्यंत सुमारे एका दिवसात पोहोचले. अंदाज मागे पडले आणि झोपेतल्या शहरावर ताशी २६० किलोमीटरच्या आसपासचा वारा आला.

आता दुसरे घराणे. वाऱ्याच्या वेगाला आपण बिचकतो, पण इमारतीला वेग कळत नाही, तिला दाब कळतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट. वेग पाव पटीने वाढला तरी दाब दीडपटीहून अधिक. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला जवळजवळ १२० किलो वजनाइतका भरतो. हा भार छपरावर येतो तेव्हा बहुतेक वेळा तो खाली दाबत नाही, वर उचलतो. कमी उताराच्या छपरावरून वारा जाताना ओढ निर्माण होते आणि कडांवर, कोपऱ्यांवर ती कित्येक पट वाढते. त्यातच वाऱ्याकडचे दार किंवा खिडकी फुटली की आत घुसलेली हवा छपराला खालूनही रेटते. छप्पर गेले की भिंतींचा वरचा आधार जातो, आणि मग भिंती.

हे ज्ञान कागदावर आधीपासून होते. ते प्रत्यक्षात आणले डार्विन शहराने. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ऑस्ट्रेलियाच्या या शहरावर ‘ट्रेसी’ आले. वेगमापकाने ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला आणि तो स्वतःच बंद पडला. मृतांची संख्या साठ-सत्तरच्या घरात, पण शहरातली बहुतांश घरे राहण्याजोगी उरली नाहीत आणि बहुसंख्य रहिवाशांना विमानांनी आणि गाड्यांनी दुसरीकडे न्यावे लागले. अभियंते आले आणि एकेक घर तपासू लागले. त्यांना आढळले की पत्रे फाटले होते ते खिळ्या-स्क्रूंच्या भोवती. तार मागे-पुढे वाकवत राहिले की ती हलक्या हाताने तुटते, तसे तासन्‌तास फडफडून पत्र्याला बारीक चिरा गेल्या होत्या. एका झोताला पुरून उरणारा पत्रा हजार झोतांना उरला नव्हता. यातून पत्र्यांच्या चाचण्या बदलल्या, १९७७ मध्ये टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात चक्रीवादळ चाचणी केंद्र निघाले आणि घरबांधणीचे नियम कडक झाले. २०११ मध्ये क्वीन्सलंडवर ‘यासी’ आले तेव्हा नव्या नियमांनी बांधलेली घरे जुन्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली टिकली. अमेरिकेत १९९२ च्या ‘अँड्र्यू’नंतर फ्लोरिडाने हाच रस्ता धरला. पडझड नीट वाचली तर पुढची पडझड कमी होते, याचा हा पुरावा.

वादळांची एक ते पाच ही प्रसिद्ध श्रेणीही मूळची एका अभियंत्याची. हर्बर्ट सॅफिरने वाऱ्याने इमारतींचे किती नुकसान होईल याची पायरी ठरवली आणि हवामानतज्ज्ञ रॉबर्ट सिम्पसनने तिला पाण्याच्या फुगवट्याची जोड दिली. पुढे २०१० मध्ये फुगवटा त्यातून वगळण्यात आला, आणि ते योग्यच झाले. वारा आणि पाणी नेहमी जोडीने चढत नाहीत. २००५ चे ‘कॅटरिना’ किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याच्या हिशोबाने तिसऱ्या श्रेणीत होते, पण त्याने ढकलून आणलेले पाणी काही ठिकाणी आठ मीटरांहून उंच होते.

वाऱ्याने घरे जातात, पण माणसे अधिक करून पाण्याने जातात. बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक उथळ आणि निमुळते. तिथे वाऱ्याने रेटलेल्या पाण्याला पसरायला जागा नसते. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, भोला आणि भोवतालच्या बेटांवर, तीन ते पाच लाख माणसे बुडाली. सरकारच्या बेपर्वाईचा संताप पुढच्याच महिन्यातल्या निवडणुकीत उमटला, आणि बांगलादेशाच्या जन्माच्या कहाणीत हे वादळ कायमचे गुंतले. नव्या देशाने स्वयंसेवकांचे जाळे उभारले, पक्के निवारे बांधले, गुराढोरांसाठी मातीचे उंच ‘किल्ले’ रचले. तरीही १९९१ मध्ये सुमारे १,३८,००० माणसे गेली, आणि त्यांत बायका आणि मुले फार मोठ्या संख्येने होती. इशारा पोहोचला होता, पण घर, गुरे आणि अब्रू सोडून परक्या पुरुषांच्या गर्दीत जायचे कसे, हा प्रश्न कोणी सोडवला नव्हता. या अनुभवातून अभ्यासाची तिसरी शाखा वाढली. माणसे घर का सोडत नाहीत, कोणाच्या सांगण्यावर सोडतात, परत काय बघायला येतात, हे ती शिकवते. ओडिशाने १९९९ नंतर आपत्ती प्राधिकरण स्थापून हेच धडे गिरवले. म्यानमारच्या लष्करी राजवटीने ते गिरवले नव्हते. मे २००८ मध्ये ‘नर्गिस’ने तिथे लाखाहून अधिक बळी घेतले.

मराठी वाचकाने हे सगळे आता का वाचावे? अरबी समुद्र आपला आणि तो शांत, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ती तेव्हाही पूर्ण खरी नव्हती. १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’, लोकांच्या तोंडची ‘वीजळी’, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेहून अधिक उतारूंसह नाहीशी झाली. नोव्हेंबर १९४८ च्या वादळाने मुंबईला झोडपले. जून १९९८ मध्ये कांडला उद्ध्वस्त झाले. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ने समुद्रात असलेले कोकणातले मच्छीमार गाठले. याउलट, जून १८८२ मध्ये मुंबईत वादळाने लाखभर माणसे मेल्याची जी कथा अनेक याद्यांत फिरते, तिला त्या काळच्या कागदपत्रांत आधार नाही. भीती घालायला खोट्या वादळांची गरज पडू नये इतकी खरी वादळे आपल्याकडे आहेत.

आणि ती बदलत आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये १९८२ ते २०१९ या काळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००० नंतरच्या दोन दशकांत अरबी समुद्रातली चक्रीवादळे आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली आणि त्यांचा मुक्कामही लांबला, असे त्यांना दिसले. उपसागरातल्या संख्येत मात्र किंचित घट होती. काळ थोडा आहे, त्यामुळे सावधपणे बोलायला हवे. जागतिक पातळीवरचा निष्कर्षही असा नाही की वादळे सर्वत्र संख्येने वाढतील. वाढते आहे ते तीव्र वादळांचे प्रमाण.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आले. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा, म्हणजे जगातल्या विक्रमी वादळांच्या निम्म्याहूनही कमी. मृतांचा आकडा थोडका राहिला. पण श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आंब्याची जुनी कलमे मुळासकट उलथली, कौले आणि पत्रे उडाले. पोफळ नव्याने लावली तर पीक हाती यायला पाच-सात वर्षे जातात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडून अनेक कामगार गेले. कोकणचा प्रश्न सर्वांत जोराच्या वाऱ्याचा नाही. मध्यम वाऱ्यातही इतके का पडते, हा खरा प्रश्न आहे.

या पुस्तकाची आखणी त्या प्रश्नाभोवती आहे. त्यात वादळांची जंत्री नाही, बचावाच्या शौर्यकथाही नाहीत. वाचक जगभर फिरेल, पण प्रत्येक ठिकाणी विचारणा एकच असेल : वारा किती होता, काय पडले, आणि त्या दोहोंच्या मधे कोणाचे कोणते निर्णय होते. हवामानाचे गणित जिथे टाळता आले तिथे टाळले आहे; छपराचे गणित टाळलेले नाही, कारण ते गवंड्यालाही कळते आणि घरमालकालाही कळायला हवे. आकडे वाचताना एक पथ्य पाळावे. भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी सांगतो, अमेरिकेतले एका मिनिटाची, जागतिक संघटना दहा मिनिटांची, तर इमारतीचा आराखडा तीन सेकंदांच्या झोतावर होतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर १९९६ मध्ये नोंदलेला ताशी ४०८ किलोमीटरचा जागतिक विक्रम हा असाच क्षणभराचा झोत आहे. सरासरी आणि झोत एका रांगेत मांडले की तुलना फसते. त्यामुळे पुस्तकात शक्य तिथे आकड्यासोबत त्याचे माप दिले आहे.

वादळानंतर आपल्याकडे तलाठी पंचनामा करतो. घर पूर्ण पडले की अंशतः, झाडे किती, रक्कम किती, एवढे त्यात येते आणि भरपाई त्यावर ठरते. पत्रा कुठून सुटला, वासा भिंतीला कशाने बांधला होता, शेजारचे त्याच वयाचे घर का उभे राहिले, हे त्यात विचारले जात नाही. मग आलेल्या पैशांतून गाव पुन्हा तसाच पत्रा तशाच खिळ्यांनी ठोकतो. चक्रीवादळात लहान घरे टिकावीत म्हणून भारतीय मानक १५४९८ हे मार्गदर्शन २००४ पासून छापील आहे. त्यातल्या बऱ्याचशा उपायांना खर्च लागतो तो पट्ट्या, बोल्ट आणि एका शहाण्या सुताराचा. पंचनाम्यात ‘का पडले’ हा एक रकाना वाढवला आणि भरपाईचा एक हिस्सा जोडणी सुधारण्याशी बांधला, तर प्रत्येक वादळ पुढच्यासाठी काही शिकवून जाईल. वाचकांत सरपंच असतील, अभियंते असतील, बागायतदार आणि पत्रकार असतील. त्यांनी हा रकाना मागावा आणि तो भरून घ्यावा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.